छताला टांगलेली होडी

आयर्लंडमधल्या गॉलवेच्या विद्यापीठात भूगर्भशास्त्राचं एक जुनं संग्रहालय आहे. तिथे छताला एक होडी टांगलेली असायची. खाली काचेच्या कपाटांत दगड, खनिजं, जीवाश्म; वर सहा मीटर लांबीची, झाडाच्या सालीची होडी. भूगर्भशास्त्राशी तिचा काडीचा संबंध नव्हता. 1852 मध्ये ती कॉलेजकडे आली आणि मग तिथलीच होऊन गेली. पोरं खालून जात राहिली, परीक्षा देत राहिली, म्हातारी झाली. ही होडी नेमकी कुणाची, हा प्रश्न कुणाला नीट पडायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

ती होडी मी राहते तिथल्या नदीवरची.

कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यू ब्रन्सविक नावाचा छोटा प्रांत आहे, त्याची राजधानी फ्रेडरिक्टन. पुण्यात हे नाव सांगितलं की हमखास प्रश्न येतो, “टोरोंटोपासून किती लांब?” बरंच लांब. शहराच्या मधोमध एक रुंद, संथ नदी वाहते. नकाशावर तिचं नाव सेंट जॉन, कारण सॅम्युएल द शांप्लेन हा फ्रेंच दर्यावर्दी 24 जून 1604 रोजी तिच्या मुखाशी पोचला आणि तो दिवस नेमका सेंट जॉनच्या सणाचा होता. नदी तोवर बिननावाची होती अशातला भाग नाही. काठावरची माणसं तिला वोलास्तोक म्हणत आणि स्वतःला वोलास्तोकियिक, म्हणजे या नदीचे लोक. त्यांचं मॅलिसीट हे नाव शेजारच्या मिकमॅक लोकांनी दिलेलं. सरकारदरबारी आणि पुस्तकांत तेच रुळलं. मिकमॅक, पासामाक्वॉडी, पेनोब्स्कॉट, अबेनाकी आणि हे, असे पाच मिळून वाबानाकी, पहाटेच्या प्रदेशातले लोक.

गॉलवेच्या होडीची हकिगत अशी. 1820च्या दशकात इथे ब्रिटिश सैन्यात स्टेपनी सेंट जॉर्ज नावाचा आयरिश अधिकारी होता. परत जाताना त्याने ही होडी घरी नेली. पुढे आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडून मोठा दुष्काळ आला, त्यात 1847 साली तापाने तो गेला. होडी मागे राहिली. 2007 मध्ये ती डागडुजीसाठी कॅनडात आणली गेली, तेव्हा तज्ज्ञांनी सांगितलं की आज शिल्लक असलेल्या भूर्जाच्या होड्यांमध्ये ही सर्वांत जुन्यांपैकी एक. वोलास्तोकियिकांनी ती मागितली आणि गॉलवेच्या विद्यापीठाने परत दिली. आता तिला ‘आजोबा होडी’ म्हणतात.

फ्रेडरिक्टनच्या कलादालनात तिला ठेवलं होतं, तेव्हा मी ती पाहिली. टाके बघत बराच वेळ रेंगाळले. काठाच्या लाकडाला साल बांधलेली, ती स्प्रूसच्या मुळ्यांनी. मुळी मधोमध चिरून, भिजवून, दोऱ्यासारखी ओवलेली. कुठे खिळा नाही. सांध्यांवर काळपट राळ. तिच्यात काही ठिकाणी ठिगळं आहेत आणि मला तीच जास्त आवडली, कारण होडी शोभेची नव्हती, राबलेली होती, हे त्या ठिगळांवरून कळतं.

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात घोळत राहिली आहे. या लोकांचं जे जे टिकलं असं आपण म्हणतो, त्यातलं कितीतरी दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी टिकलं. आणि ते आपणहून परत आलं नाही. दर वेळी कुणाला तरी ते ओढून आणावं लागलं.

होडी बांधायची कला घ्या. 1887 साली न्यूयॉर्ककडून टॅपन अ‍ॅडनी नावाचा, विशीही न गाठलेला मुलगा सुट्टीला म्हणून वुडस्टॉक या नदीकाठच्या गावात आला. तिथे त्याची गाठ पीटर जो या मॅलिसीट होडीकाराशी पडली. अ‍ॅडनी चित्रकार, हात चांगला, आणि स्वभाव चिकाटीचा. पीटर जोच्या शेजारी बसून तो एकेक पायरी शिकला आणि कागदावर उतरवत गेला.

पायऱ्या वाचायला सोप्या वाटतात. जाड, सरळसोट, गाठी नसलेलं भूर्जाचं झाड शोधायचं. अख्ख्या जंगलात असं झाड सहज मिळत नाही. साल उभी चिरून एका तुकड्यात सोडवायची. मग ती जमिनीवर पसरायची, वर होडीच्या आकाराची चौकट ठेवायची, दगडांनी दाबायची, कडा उचलून भोवती खुंट्या ठोकायच्या. झाडावर बाहेर असलेली पांढरी बाजू होडीच्या आत जाते आणि आतली तपकिरी, चिवट बाजू पाण्याला लागते. आपल्याला चित्रांतून उलटं वाटत असतं. नंतर सीडरच्या पातळ फळ्या आतून अंथरायच्या, गरम पाण्याने मऊ केलेल्या सीडरच्या फासळ्या वाकवून ठोकत ठोकत बसवायच्या, म्हणजे साल ढोलासारखी ताणली जाते. सांध्यांना स्प्रूसची राळ चरबीत कालवून लावायची. नुसती राळ थंडीत तडकते, चरबी जास्त झाली तर उन्हात ओघळते. प्रमाण किती, तर करणाऱ्याच्या बोटांना कळेल इतकं.

अशी होडी एक माणूस डोक्यावर घेऊन चालू शकतो. सगळी मख्खी तिथे आहे. या प्रदेशात रस्ते नव्हते, नद्या होत्या. एक नदी संपली की होडी उचलायची, जंगलातून पायवाटेने दुसऱ्या नदीपर्यंत जायचं आणि पुन्हा पाण्यात टाकायची. वोलास्तोकवरच्या मेडक्टिक गावाजवळून अशी एक वाट मेनकडे, म्हणजे शेजारच्या अमेरिकन राज्याकडे, जाई. अब्राहम गेस्नर या भूगर्भशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात लिहून ठेवलं आहे की तिथल्या कातळावर या लोकांच्या चामडी पायताणांनी चर पडले होते. (हा गेस्नर म्हणजे केरोसीनवाला. आपल्या घरोघरच्या चिमण्या-कंदिलांशी त्याचा जास्त जवळचा संबंध.) मऊ हरणाच्या कातड्याने कातळ झिजायला किती पिढ्या चालायला लागल्या असतील, याचा हिशोब मी करायला गेले आणि सोडून दिला.

अ‍ॅडनीने पुढे आयुष्यभर उत्तर अमेरिकेतल्या निरनिराळ्या जमातींच्या होड्यांच्या शंभराहून जास्त प्रतिकृती बनवल्या, खऱ्याच्या एक पंचमांश आकाराच्या. त्या गेल्या अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूजच्या संग्रहालयात. तो 1950 मध्ये वारला. त्याच्या टिपणांचं पुस्तक हॉवर्ड चॅपेल या नौकातज्ज्ञाने पुरं केलं आणि ते 1964 मध्ये निघालं. पुढच्या काळात होडी पुन्हा बांधायला घेतलेल्या कित्येकांना त्या टिपणांचा आधार झाला. एका पाहुण्या पोराने वहीत उतरवलं नसतं तर काय झालं असतं, असं म्हणण्याचा मोह होतो. पण मला नेहमी पीटर जो आठवतो. नवख्या पोराला शेजारी बसवून घ्यायला त्यालाही मोठं मन लागलं असेल. पुस्तकाच्या कव्हरवर त्याचं नाव नाही.

नदीच्या जन्माची त्यांची गोष्ट सांगायला हवी. एका अवाढव्य बेडकासारख्या प्राण्याने सगळं पाणी अडवून धरलं. खालच्या अंगाची माणसं तहानेने मरायला टेकली. तेव्हा कुलुस्काप आला. कुलुस्काप म्हणजे वाबानाकींचा आद्य पराक्रमी पुरुष; अंगात दैवी ताकद, पण वागणं बरंचसं तुमच्याआमच्यासारखं. त्याने पाणी मागितलं, मिळालं नाही, म्हणून एक प्रचंड भूर्जवृक्ष त्या राक्षसावर पाडला. राक्षस मेला. झाडाचं खोड ही मुख्य नदी झाली, फांद्या उपनद्या झाल्या. तहानेलेली माणसं धावत पाण्यात शिरली आणि त्यातली काही मासे, कासवं, बेडूक होऊन तिथेच राहिली. मेनच्या उत्तरेला उगम पावून साडेसहाशेहून जास्त किलोमीटर वाहत फंडीच्या उपसागराला मिळणाऱ्या या नदीचा नकाशा एकदा उभा धरून बघा, आडवं पडलेलं झाडच दिसतं.

ती माणसं जगत कशी, याचं अगदी आतलं वर्णन आपल्याला मिळतं ते एका कैद्याकडून. 1689 मध्ये मेनच्या किनाऱ्यावरच्या पेमाक्विडवर हल्ला झाला, त्यात जॉन जाइल्स हा नऊ-दहा वर्षांचा इंग्रज मुलगा पकडला गेला. सहा वर्षं तो मेडक्टिकच्या मॅलिसीटांमध्ये राहिला, मग एका फ्रेंच माणसाला विकला गेला आणि 1698 मध्ये सुटला. म्हातारपणी त्याने सगळं लिहून काढलं, ते 1736 मध्ये छापलं गेलं. त्यात मार आहे, छळ आहे, त्याच्या थोरल्या भावाचा भयंकर मृत्यू आहे. पोराने काय सोसलं ते वाचवत नाही. पण मधेच तो सांगतो की मक्याची कणसं दुधात आली की मोठ्या भांड्यात उकडायची, शिंपल्यांनी दाणे सोलायचे आणि झाडाच्या सालीवर उन्हात वाळवून हिवाळ्यासाठी ठेवायचे. हिवाळ्यात लहान लहान टोळ्यांनी आत जंगलात मूस हरणाच्या मागावर जायचं. वसंतात नदीवर परतून मासे मारायचे, मका पेरायचा. शिकार नाही मिळाली तर उपाशी, मिळाली तर सगळ्यांना. या लोकांच्या शेतीची, खाण्यापिण्याची एवढी बारीक नोंद त्यांच्या शत्रूच्या मुलाने करून ठेवली, हे मला अजून चमत्कारिक वाटतं.

पुढचा इतिहास थोडक्यात उरकते, कारण तो सगळ्या खंडभर साधारण सारखाच आहे. 1725 पासून इंग्रजांशी तह झाले. ते तह शांततेचे आणि मैत्रीचे. जमीन दिल्याचं त्यात कुठेही नाही, ही गोष्ट आज कोर्टात फार महत्त्वाची ठरते आहे. 19 जुलै 1776 रोजी, म्हणजे अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर करून जेमतेम पंधरवडा झालेला असताना, मॅलिसीट आणि मिकमॅक प्रतिनिधींनी मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउनला त्या नव्या देशाशी तह केला. नव्या देशाशी इतक्या लवकर तह करणारे हे पहिलेच. त्याचं फळ त्यांना उलटंच मिळालं. युद्ध संपल्यावर 1783 मध्ये इंग्रज राजाशी निष्ठावंत राहिलेले वसाहतवाले हजारोंनी पळून या खोऱ्यात आले, त्यांच्यासाठी 1784 मध्ये न्यू ब्रन्सविक हा वेगळा प्रांत काढला गेला आणि काठच्या सुपीक जमिनी त्यांना वाटल्या गेल्या. मूळचे लोक राखीव तुकड्यांवर सरकले. 1842 मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांनी सीमा आखली, ती या नदीवरूनच गेली आणि एका घरातली माणसं दोन देशांची झाली. मेनमधल्या हूल्टनच्या मॅलिसीटांना अमेरिकेच्या केंद्र सरकारची मान्यता मिळायला 1980 उजाडलं. क्विबेकमधल्यांना तिथल्या विधिमंडळाने 1989 मध्ये मान्यता दिली.

या सगळ्या काळात एक माणूस मात्र मजेशीर भेटतो. गेब अक्विन. नामांकित मॅलिसीट शिकारी आणि वाटाड्या. 1860 मध्ये इंग्लंडचा युवराज फ्रेडरिक्टनला आला तेव्हा गेबने त्याला आपल्या होडीतून नदीवर फिरवून आणलं. 1883 मध्ये लंडनला मत्स्यव्यवसायाचं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं, तेव्हा गेब होडी आणि सालीचा तंबू घेऊन तिथे हजर. लंडनकर त्याला बघायला गर्दी करत. तो त्यांना बघून काय म्हणाला असेल, ते मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. फ्रेडरिक्टनच्या समोरच्या काठावर त्याने मुक्काम टाकला, तिथेच पुढे सेंट मेरीज ही वस्ती उभी राहिली. आज ती शहराच्या पोटात आहे. मी किराणा घ्यायला जाते ते सुपरमार्केट तिच्या अगदी जवळ आहे.

कितीतरी परक्यांच्या घरी टिकलं असं वर म्हटलं खरं, पण टोपल्यांना ते लागू नाही. टोपल्या इथल्या हातांतून कधी सुटल्याच नाहीत.

त्यासाठी लागतो काळा अ‍ॅश नावाचा वृक्ष, ओलसर दलदलीत वाढणारा. ओंडक्याची साल काढायची आणि कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने त्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत जायचं. वसंतात वाढलेलं लाकूड भुसभुशीत असतं, ते ठोकून चुरडलं जातं आणि वर्षाचं वलय पट्टीसारखं सुटून येतं. म्हणजे एक पट्टी हे झाडाचं एक वर्ष. पावसाचं साल असेल तर पट्टी जाड, कोरडं असेल तर कागदासारखी. ती पुन्हा चिरायची, घासून गुळगुळीत करायची, सारख्या रुंदीची कापायची. इथल्या एका जत्रेत एक आजोबा हे करत होते. ठोक्यांचा आवाज लांबून ऐकू येत होता. मी आपलं विचारलं, दिवसाला किती पट्ट्या निघतात? ते म्हणाले, “खांदा सांगेल तितक्या.” आणि पुन्हा ठोकायला लागले.

वाबानाकींच्या एका गोष्टीत कुलुस्काप अ‍ॅशच्या झाडावर बाण मारतो आणि सालीतून माणसं बाहेर येतात. या झाडाने त्यांना नंतरही अक्षरशः पोसलं. सीमेपलीकडे मेनमधल्या अरूस्टुक परगण्यात बटाट्याचं प्रचंड पीक येतं. काढणीच्या हंगामात तिथल्या शाळांनासुद्धा सुट्टी असे. मॅलिसीट आणि मिकमॅक कुटुंबंच्या कुटुंबं काढणीला जात आणि बटाटे ज्या टोपल्यांत भरायचे त्या टोपल्याही त्यांनीच विणलेल्या असत. पर्यटकांसाठी सुगंधी गवत गुंफलेल्या नाजूक टोपल्या निराळ्या. संग्रहालयांत त्या नाजूक टोपल्या असतात. मला विचाराल तर बटाट्याच्या टोपलीला तिथे पहिली जागा द्यायला हवी. मुलांची पोटं तिच्यावर भरली.

हे लाकूड आणायचं कुठून, यावरूनही भांडण झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर वुडस्टॉकच्या पीटर लुइस पॉल या मॅलिसीट गृहस्थांवर टोपल्यांसाठी अ‍ॅश तोडल्याबद्दल खटला भरला गेला. त्यांच्या बाजूने कोर्टात कोण उभं राहिलं, तर तोच अ‍ॅडनी, आता पंचाहत्तरी ओलांडलेला, हातात अठराव्या शतकातल्या तहांची कलमं घेऊन. तहांच्या आधारावर हक्क मागायची ती वेळ फार लवकरची होती. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने 1760-61 च्या तहांनी मासेमारी करून पोट भरायचा हक्क दिला आहे असा निकाल द्यायला 1999 उजाडलं. पीटर पॉल पुढे भाषातज्ज्ञांचे गुरू झाले, त्यांना विद्यापीठाने मानाची डॉक्टरेट दिली.

आता झाडच धोक्यात आहे. आशियातून आलेला एक हिरवाकंच, चकचकीत भुंगेरा अ‍ॅशच्या सालीच्या फटींत अंडी घालतो, अळ्या सालीखाली आतून पोखरतात आणि काही वर्षांत झाड वठतं. 2018 मध्ये तो न्यू ब्रन्सविकमध्ये एडमंडस्टनला सापडला, नदीच्या वरच्या अंगाला.

आणि नेच्याचे कोंब. मे महिन्यात पूर ओसरला की नदीकाठच्या गाळात शहामृगी नेचा उगवतो, कोंब व्हायोलिनच्या टोकासारखे घट्ट गुंडाळलेले. मॅलिसीट लोक ते पूर्वापार खातात; गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यांच्याकडूनच शिकून घेतले. आता ती सगळ्या प्रांताची भाजी आहे. त्यांच्या जुन्या नक्षीकामातही तेच वळण दिसतं, टोपीवर, होडीवर, मण्यांच्या कामात. बाजारात मिळतात तेव्हा मी आणते. तपकिरी पापुद्रा चोळून काढायचा, भरपूर पाण्यात चांगले पंधरा मिनिटं उकळायचे, पाणी फेकून द्यायचं. कच्चे राहिले तर पोट बिघडतं. मग मोहरी, लसूण, सुकी मिरची. चव थोडी शेवग्याच्या, थोडी मेथीच्या अंगाची. घरचे खातात, तक्रार न करता.

खरी ओढाताण झाली ती टोबिकला.

टोबिक ही नदीच्या वरच्या अंगाची मोठी वस्ती. कॅनडाच्या इंडियन कायद्यात असं होतं की आदिवासी बाईने बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं की तिची ओळख कायद्याने पुसली जाई: वस्तीत राहायचा हक्क नाही, घर नाही, मेल्यावर तिथल्या दफनभूमीत जागाही नाही. आणि आदिवासी पुरुषाने बाहेरची बायको केली तर? ती बायको कायद्याने आदिवासी होई. लेक परकी आणि सून घरची, हे आपल्याकडे म्हणायची पद्धत आहे. तिकडे ते संसदेने छापून काढलं होतं. 1973 मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी हे कलम योग्यही ठरवलं.

टोबिकच्या सँड्रा लव्हलेस यांनी 1970 मध्ये एका अमेरिकन माणसाशी लग्न केलं होतं. संसार मोडला, मुलाला घेऊन त्या माहेरी आल्या, तर घर मिळेना. तंबूत राहायची वेळ आली. 1977 च्या सुमारास टोबिकच्या बायकांनी घरांच्या प्रश्नावरून वस्तीच्या कार्यालयातच ठाण मांडलं. लक्षात घ्या, समोर दिल्ली-लंडन-ओटावाचं सरकार नव्हतं, आपलेच भाऊ, दीर, शेजारी होते. गावात राहून गावाशी भांडणं किती महाग पडतं हे ज्याने केलं असेल त्यालाच ठाऊक. डिसेंबर 1977 मध्ये सँड्राबाईंची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेली. 1979 च्या जुलैमध्ये बायका-मुलं क्विबेकमधल्या ओका गावापासून ओटावापर्यंत सुमारे 160 किलोमीटर चालत गेली. 30 जुलै 1981 रोजी समितीने निकाल दिला की आपल्या लोकांमध्ये राहून आपली संस्कृती जगण्याचा या बाईचा हक्क कॅनडाने मोडला आहे. जगात मानवाधिकारांचे धडे देणाऱ्या देशाला हे झोंबलं. तरी कायदा बदलायला 1985 साल उजाडलं. हजारो बायका आणि त्यांची मुलं कायद्याने परत घरची झाली. सँड्रा लव्हलेस निकोलस 2005 मध्ये सिनेटर झाल्या.

होडी परत आली त्याची बातमी गोड होती, फोटो छान आले. बायका परत आल्या तेव्हा वस्तीतल्या कित्येकांनी तोंड फिरवलं होतं. मला त्यांचं परत येणं जास्त मोठं वाटतं.

गाण्यांचं परतणं अगदी अलीकडचं. विल्यम मेकलिंग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या लोकांची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित केली होती. नळकांडी देशाच्या राजधानीकडच्या, ओटावाजवळच्या, संग्रहालयात जाऊन पडली. मधल्या काळात शाळांतून भाषेवर छड्या बसल्या, चर्चमधून गाण्यांवर. आज वोलास्तोकी भाषा सराईतपणे बोलणारे शंभराच्या आतबाहेर उरले आहेत. मॅगी पॉल या ज्येष्ठ गायिकेने टोबिकच्याच जेरेमी डचर या शास्त्रीय संगीत शिकलेल्या तरुणाला त्या नळकांड्यांकडे धाडलं. त्याने संग्रहालयात बसून खरखरीतून एकेक गाणं कानाने उतरवून घेतलं आणि आपल्या पियानोवर बसवलं. काही ठिकाणी तो शंभर वर्षांपूर्वीच्या गायकाचा मूळ आवाज तसाच ठेवतो आणि त्याच्यासोबत गातो. 2018 मध्ये या अल्बमला पोलॅरिस हे कॅनडातलं मानाचं पारितोषिक मिळालं, 2024 मध्ये त्याच्या पुढच्या अल्बमलाही. पहिल्या अल्बममधली सगळी गाणी वोलास्तोकी भाषेत आहेत. माझ्या ओळखीतल्या इथल्या लोकांना तो कळत नाही, मलाही नाही, आणि आम्ही सगळे तो ऐकतो.

मेडक्टिक मात्र परत येणार नाही.

फ्रेडरिक्टनच्या वर थोड्या अंतरावर मॅक्टाक्वॅक धरण आहे, 1968 मध्ये सुरू झालेलं. त्याचं पाणी मागे जवळजवळ वुडस्टॉकपर्यंत, शंभरेक किलोमीटर तुंबतं. जाइल्स जिथे मका वाळवत होता ते मेडक्टिक, तिथली दफनभूमी, 1717 च्या चर्चची जागा, सगळं पाण्याखाली गेलं. बुडणाऱ्या गावांतली निवडक जुनी घरं, गोऱ्या वसाहतवाल्यांची, उचलून एका ठिकाणी नेली आणि त्यांचं खुलं संग्रहालय केलं. तिथे जुन्या वेषातले लोक लोणी घुसळून दाखवतात. पाहुणे आले की आम्हीही घेऊन जातो. माझं आजोळ इंदापूर तालुक्यातलं, उजनीच्या पाण्याखाली गेलेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं आणि मामा अजून बोट करून सांगतो, आपला वाडा त्या तिथे. इथे तसं काही वर येत नाही. या लोकांच्या गोष्टीत पाणी अडवून धरणाऱ्याला राक्षस म्हणतात, ही गोष्ट धरण बांधणाऱ्यांनी ऐकली होती का कोण जाणे.

त्या धरणाची एक गंमत अशी की त्याचं काँक्रीट फुगतंय. वापरलेल्या खडीची सिमेंटमधल्या अल्कलीशी रासायनिक क्रिया होते, भिंत आतून प्रसरण पावते आणि ताण सैल करायला तिला अधूनमधून करवतीने चिरा पाडाव्या लागतात. शंभर वर्षं टिकणारं धरण 2030 च्या आसपासच म्हातारं होणार असं दिसायला लागलं, तेव्हा काय करायचं यावर बरीच चर्चा झाली. धरण काढून टाकून नदी मोकळी करायची, हाही त्यातला एक अधिकृत पर्याय होता. 2016 मध्ये निर्णय झाला: डागडुजी करत करत 2068 पर्यंत चालवायचं.

समुद्रातून सॅल्मन अजून येतो. फंडीच्या उपसागरातून नदीत शिरतो, फ्रेडरिक्टनवरून पुढे जातो आणि त्या भिंतीपाशी अडतो. तिथे त्याला सापळ्यात धरतात, टाकीच्या ट्रकमध्ये घालतात आणि रस्त्याने वर नेऊन सोडतात. पूर्वी टोबिकच्या लोकांचं पोट या माशावर होतं. आता या भागातला जंगली सॅल्मन नष्ट होण्याच्या वाटेवर आहे असं शास्त्रज्ञांनी जाहीर केलंय. वरच्या पाण्यात जन्मलेल्या पिल्लांना समुद्राकडे जाताना टोबिक नॅरोज, बीचवुड आणि मॅक्टाक्वॅक अशा तीन धरणांच्या टर्बाइनमधून निभावून खाली यावं लागतं. धरण हवंय, वीज सगळ्यांनाच लागते, हे मला कळतं. माझ्याही घरचा हीटर त्याच तारेवर चालतो. पण भिंत आणखी चाळीस वर्षं ठेवायचीच असेल, तर माशाला वरखाली जायला एक धड वाट करून द्यावी, हे मागणं मला तरी फार वाटत नाही.